गंजलेली पद्मिनी घरी उभी करायची, तर पहिला हात कुठे घालायचा?

कोरेगाव तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलंय. आजोबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी सोळा वर्षं शेडमध्ये उभी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, खालची जमीन दिसते. इंजिन फिरत नाही. रविवारी आणि सुट्टीत घरीच काम करून ती चालती करायची आहे. तर आधी इंजिन उतरवायचं, की आधी रंग खरवडायचा? गावाजवळचा एक डेंटर म्हणतोय, पंधरा दिवसांत पत्रे मारून, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, रंगवून देतो. त्याच्याकडे देऊन टाकावी का?

मी सांगलीत तीसेक वर्षं डेंटिंगचं काम करतोय आणि जुन्या फियाट, पद्मिनी, ॲम्बॅसेडर हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात इंजिन आणि रंग असे दोनच पर्याय आहेत. माझ्या मते यातल्या एकालाही आत्ता हात लावू नका. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी सडली तरी चासीवर नवी बसवता येते. पद्मिनीला तशी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी बंद पेटी, दारांमधले खांब, छत हे सगळं एकमेकांना जोडून गाडी उभी राहते. तिचा पत्रा हीच तिची हाडं. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की या गाडीत हाडं किती शिल्लक आहेत, आणि ती तुमच्या शेडमध्ये, तुमच्या हातानं जोडता येण्यासारखी आहेत का. याचं उत्तर मिळेपर्यंत इंजिनवर रुपया घालू नका. उत्तम बांधलेलं इंजिन कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडून आहे आणि बॉडी भंगारात गेली, असे प्रकार मी पाहिले आहेत.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधी कबूल करतो, कारण फोटो न बघता कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. गाडी कुठे उभी होती यानं फार फरक पडतो. आटपाडी, जत किंवा माण-खटावकडून आलेली गाडी वरून भाजलेली, रबरं फुटलेली असते, पण तळ बऱ्याचदा शाबूत निघतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडची गाडी वरून चकचकीत असली तरी खालून चाळणी झालेली असू शकते. आमच्या सांगलीत तिसराच प्रकार आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या. २०१९ च्या पुरातली एक गाडी मालकानं धुऊन, वाळवून, पॉलिश करून ठेवली होती. दीड वर्षानं दाराखालची पेटी फुगून फुटली म्हणून माझ्याकडे आली. पेटी कापली तर आत कृष्णेचा गाळ बोटभर थरानं बसलेला होता आणि अजून ओला होता.

कोरेगावचा पाऊस मधला आहे, त्यामुळे मला तुमच्या पावसापेक्षा शेडची काळजी वाटते. जमीन मातीची आहे का? शेजारी गोठा आहे का? गाडीत किंवा गाडीशेजारी खताची पोती ठेवली होती का? पोटॅशच्या पोत्यात क्लोराइड असतं. ते हवेतला ओलावा धरतं आणि लोखंडाला समुद्रकिनाऱ्यासारखं खातं. गोठ्यातल्या गोमूत्राचा अमोनिया तांब्या-पितळेला लागतो, म्हणजे वायरिंगची टोकं आणि कार्बोरेटरचे जेट खराब होतात. शेडमध्ये होती म्हणजे सुरक्षित होती असं धरून चालू नका.

तपासणीला एक रविवार द्या. लागतं एवढंच: एक जुना जाड स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, टॉर्च, चुंबक आणि खडू. बॅटरी असेल तर आधी काढून टाका. गाडी जॅकवर उचलली की लगेच लोखंडी घोड्या लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. तुमच्या गाडीत जॅक लावायची जागाच कुजलेली असण्याची शक्यता आहे, म्हणून घोड्या पुढे सस्पेन्शनच्या मुळाशी आणि मागे ॲक्सलखाली लावा. मग आतलं मॅटिंग, सीट काढा आणि तळावर हातोडीनं हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा टणत्कार देतो, कुजलेला भद्द वाजतो. भद्द वाजला तिथे स्क्रू ड्रायव्हर जोरात दाबा. आरपार गेला तर खडूनं गोल करा. आरपार न जाता खड्डा पडला तर फुली मारा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी आहे, म्हणजे तिथे पूर्वी कुणीतरी काहीतरी झाकलेलं आहे.

पायाखालचं भोक बघून घाबरू नका, तो सपाट पत्रा आहे, बदलायला सोपा. नीट बघायच्या जागा वेगळ्या आहेत. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला अडकतात त्या खुंट्यांभोवतीचा पत्रा. पुढच्या सस्पेन्शनचे विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारे दुबेळकी हात, जिथे बोल्टनं बसतात ती जागा. स्टिअरिंग बॉक्स ज्या पट्टीवर बसतो ती. दाराच्या बिजागऱ्यांच्या खांबाचा तळ. आणि दाराखालच्या दोन्ही पेट्या, टोकापासून टोकापर्यंत. या सगळ्यांचे फोटो काढा, वहीत गाडीचं चित्र काढून त्यावर गोल आणि फुल्या उतरवा. तुमचा आराखडा तोच.

गोल फक्त तळाच्या सपाट भागात आणि डिकीत असतील, तर काम घरी होईल. पेट्या गेल्या असतील पण सस्पेन्शनच्या जागा टणक असतील, तरी होईल, मात्र वेल्डिंगला हात बसलेला माणूस सोबत हवा. पाट्यांच्या खुंट्या आणि पुढचे विशबोन दोन्हीकडचा पत्रा गेला असेल, तर माझा सल्ला आहे की घरी करू नका. तिथे मोजमाप चार-पाच मिलिमीटरनं चुकलं तरी गाडी सरळ चालणार नाही. अशा वेळी दुसरी चांगल्या तळाची पद्मिनी शोधून आजोबांच्या गाडीचं बाकीचं सामान तिच्यावर चढवावं, किंवा गाडी अनुभवी कारखान्यात न्यावी. हे ऐकायला वाईट वाटेल, पण ब्रेक दाबल्यावर पाटा निखळलेली गाडी मी पाहिली आहे.

याच आठवड्यात कागदंही काढा. आजोबा हयात नसतील तर आरसी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पर्यावरण कर थकला असेल तो वेगळा. साताऱ्याच्या आरटीओत जाऊन गाडी नोंदीत जिवंत आहे ना, हे आधी विचारा. २०२१ साली आलेली व्हिंटेजची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना आहे, तुमची त्यात बसायला अजून अवकाश आहे. बॉडीवर ठोकलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर यांचे फोटो काढून ठेवा आणि त्या जागेवर ग्राइंडर चालवू नका, वेल्डिंग करू नका. नंबर जुळला नाही तर बाकीचं सगळं काम वाया.

आता डेंटरच्या प्रस्तावाबद्दल. तो खोटं बोलत नाहीये, पंधरा दिवसांत गाडी नवीन दिसेल. पण गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा मारला की दोन पत्र्यांच्या मध्ये गंज तसाच राहतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे आतून फुगून तो जोड उकलतो. लांबी पाणी शोषते. त्यावर खालून डांबर फासलं की ओलावा आत कोंडला गेला. दोन पावसाळ्यांत फोड येतात, आणि तेव्हा जुना कुजलेला, त्यावरचा नवा, त्यावरची लांबी असं तिन्ही काढावं लागतं. गंजलेला भाग चांगल्या, चकाकत्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि मग तिथे तेवढाच तुकडा कडेला कड लावून बसवायचा, याला पर्याय नाही. डेंटर हे करायला तयार असेल तर त्याच्याकडे जरूर द्या, पण प्रायमर मारण्याआधी उघडं वेल्डिंग बघायला येईन असं आधीच सांगून ठेवा.

घरी करायचं ठरलं तर वेळापत्रक पावसाळा बघून आखा. दिवाळीनंतर पत्रा कापायला घ्या आणि मृग लागायच्या आत उघडं लोखंड एकही शिल्लक ठेवू नका. पावसाळ्यात रात्रीत घासलेल्या पत्र्यावर तांबूस थर चढतो. यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली आहे. सुरुवातीच्या काळात एका फियाटचं पत्र्याचं काम मेअखेर संपलं, मी तिच्यावर रेड ऑक्साइड आणि सरफेसर हे रंगाखालचे थर मारून रंग दसऱ्याला करू म्हणून ठेवून दिली. हे दोन्ही थर सच्छिद्र असतात, त्यांच्यातून दमट हवा आत जाते. सप्टेंबरात सगळ्या गाडीवर मोहरीएवढे ठिपके उठले आणि मला ती पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडून द्यावी लागली. तेव्हापासून घासलेल्या लोखंडावर त्याच दिवशी दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी प्रायमर मारतो. त्याच दिवशी म्हणजे संध्याकाळच्या आत. एका रविवारी जेवढं प्रायमरपर्यंत नेता येईल तेवढंच उघडायचं. पावसाळ्यातले चार महिने कार्बोरेटर, वायरिंग, सीट, डायनमो अशा टेबलावरच्या कामांना द्या.

याच कारणानं सगळी गाडी एकदम खोलू नका. खोलायला दोन रविवार लागतात आणि जोडायला दोन वर्षं, तोवर कुठला बोल्ट कुठला होता हे कुणालाच आठवत नाही. जेवढ्या भागावर काम आहे तेवढाच मोकळा करा, प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून चिठ्ठी लावा, आणि गाडी शक्यतो चाकांवर ढकलता येईल अशी ठेवा. घरातल्यांना शेड हवी असते, ऊसतोडीला ट्रॅक्टर आत घ्यावा लागतो. हलवता येणारी गाडी घरात टिकते.

आता दाराखालच्या पेट्यांचं काम. मी इथे जास्त बोलणार आहे, कारण घरी केलेल्या गाड्या इथेच बिघडतात. एका वेळी एकच बाजू कापायची. मी शिकाऊ असताना आम्ही एका गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कापल्या. गाडी मधून किंचित खाली बसली, डोळ्यांना दिसत नव्हतं. नव्या पेट्या बसवल्या आणि दारं लावायला गेलो तर एकही दार लागेना. पुन्हा सगळं कापावं लागलं. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोन्ही तिरक्या दिशांनी माप घेऊन वहीत लिहा. मग चौकटीत एक इंची चौकोनी पाइपाची तिरकी आडणी वेल्ड करा, पण दार लावता-उघडता येईल अशा बेतानं, आतल्या बाजूला. दर थोड्या वेळानं दार लावून त्याची फट बघायची. फट वर-खाली सारखी आहे तोवर काम बरोबर चाललंय. गाडीचं वजन तेव्हा चाकांच्या जागी असलं पाहिजे, मधे कुठे नाही.

पत्रा सीआरचा (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) घ्या, पेटीला १८ गेज, तळाला २० गेज चालतो. छपराचा किंवा डक्टिंगचा जीपी (जस्त चढवलेला) पत्रा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. वेल्डिंगच्या वेळी त्यातल्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. साध्या आर्क वेल्डिंगनं एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात, गॅसनं तो तापून लहरतो. ०.८ मिलिमीटर तारेचं मिग मशिन, ज्याला आपल्याकडे सीओटू म्हणतात, ते योग्य. एक सलग रेघ कधीही ओढायची नाही. इथे एक टाका, मग वीतभर लांब दुसरा, मग पहिल्याच्या शेजारी, असं करत पत्रा थंड ठेवायचा. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे ठिपक्याठिपक्यानं जोडणारं वेल्डिंग) होते तिथे नव्या पत्र्याला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डिंगनं भरली की जोड तसाच मजबूत होतो. आणि पेटीच्या तळाला पाणी निघून जायची भोकं असतात, ती नव्या पेटीतही ठेवा. ती बुजल्यामुळेच जुनी सडली.

मशिनला घरातल्या साध्या प्लगवर जोडू नका, मीटरपासून वेगळी जाड वायर आणि पक्कं अर्थिंग घ्या. शेतपंपाच्या थ्री फेजवर मशिन चालवायचा विचार असेल तर वीज येण्याच्या वेळा बघा, कारण रात्री दोन वाजता थकलेल्या माणसानं वेल्डिंग करू नये. वेल्डिंगच्या आधी डिकीतली पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून शेडच्या बाहेर ठेवायची. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. सीटचा काथ्या, तळाचं डांबर, जुनं नमदा हे सगळं पेट घेतं. वाळूच्या दोन बादल्या जवळ ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

छोट्या भागांच्या गंजासाठी आपल्या भागात एक सोपा उपाय आहे. जनावरांच्या खाद्याला मिळणारी मळी किंवा गुऱ्हाळातली काकवी एक भाग, पाणी दहा भाग, प्लास्टिकच्या पिंपात. बिजागऱ्या, कंस, बंपरच्या पट्ट्या, बोल्ट त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. गंज सुटून येतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. वास उग्र येतो, म्हणून झाकण लावून घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग, म्हणजे कार्बोरेटर, अजिबात घालू नका, ते खाल्ले जातात. बाहेर काढल्यावर स्वच्छ धुवा, लगेच वाळवा, लगेच प्रायमर किंवा तेल. तळावर लावायला बाटलीतलं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते हलक्या गंजाला ठीक आहे. त्याचं आम्ल धुऊन पुसल्याशिवाय वर इपॉक्सी मारू नका, प्रायमर नीट धरत नाही.

इंजिनचं काम पद्मिनीत तुलनेनं सोपं आहे, १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. इंजिन न उतरवता आज फक्त एवढंच करा: चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून ओता आणि आठवडाभर सोडा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं, हळू, दोन्ही दिशांना हलवा. स्टार्टर मारू नका, अडकलेली रिंग तुटते. सुटलं तर पुढचं पुढे. नाही सुटलं तर हेड उघडावं लागेल, आणि बोअरिंग-होनिंगसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगले हात आहेत. सामानासाठी पुण्याची नाना पेठ आधी फिरा.

ब्रेक चारही चाकांना ड्रम आहेत. सिलिंडरची रबरं, होज आणि लोखंडी पाइप सगळे नवे, यात काटकसर नाही. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती हवेनं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बांधा. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता आहे. पाणी मारून घासा, तोंडावर चांगला मास्क हवा, आणि लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नका.

शेवटचा रंग मात्र घरी मारू नका. दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या फवाऱ्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्यानं कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कापडी मास्क त्याला काही रोखत नाही. घासून, प्रायमर मारून, फटी जुळवून गाडी तयार करा आणि रंगापुरती बूथमध्ये द्या. मूळ रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. रंगानंतर पेट्यांच्या आत लांब नळीनं मेणाचा फवारा मारून घ्या, ते राहून गेलं तर नव्या पेटीला आतून पुन्हा गंज धरेल.

वेळ आणि पैसे. एका बाजूची पेटी आणि तिकडचा तळ, हात नवा असेल तर सहा ते आठ रविवार. म्हणजे फक्त तळ आणि दोन्ही पेट्यांत एक हिवाळा-उन्हाळा जाईल. पूर्ण गाडीला दोन वर्षं धरा. आधी जो खर्च काढाल त्याच्या दुप्पट तयारी ठेवा, कारण निम्मा गंज कापल्यावरच दिसतो. पैसे एकदम गोळा करायची गरज नाही, पण हाती घेतलेला टप्पा प्रायमरपर्यंत पोचेल एवढे पैसे हातात असल्याशिवाय तो टप्पा उघडू नका.

येत्या रविवारी खडू घेऊन खाली शिरा आणि पाट्यांच्या मागच्या खुंट्यांचे फोटो, दोन्ही बाजूंचे, टॉर्च तिरकी धरून काढा. स्क्रू ड्रायव्हर तिथे आत गेला की नाही तेवढं कळवा, मग पेट्या कुठून कापायच्या ते आपण ठरवू.